बेसबॉलचे वगळलेले अग्रणी आणि अल्पमोलाचा संग्रह

आपल्या शाळेच्या इतिहासाच्या वर्गात एका काचेच्या चौकटीत दोन टपाल तिकिटे लावलेली आहेत. अमेरिकेच्या टपाल खात्याने २०१० साली काढलेली ही तिकिटे प्रत्येकी ४४ सेंटांची आहेत. एकावर रुब फॉस्टर या कृष्णवर्णीय खेळाडू-संघटकाचे चित्र आहे, तर दुसऱ्यावर धाव पूर्ण करण्यासाठी घसरत येणारा खेळाडू दिसतो. आपल्याच एका माजी विद्यार्थ्याने ती अमेरिकेतून पाठविली. ती पाहून आठवीतील एका मुलीने मला विचारले, "सर, एवढा मोठा माणूस होता, तर त्याच्या काळातले त्याचे कार्ड का नाही?" हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना लिहिला आहे.

अमेरिकेत बेसबॉल खेळाडूंची छायाचित्रे असलेली छोटी कार्डे जमविण्याचा छंद एकोणिसाव्या शतकापासून आहे. प्रारंभी ती सिगारेटच्या पाकिटांत मिळत. १९०९ ते १९११ या काळात एका तंबाखू कंपनीने काढलेली, आज 'टी-२०६' या नावाने ओळखली जाणारी मालिका संग्राहकांत सर्वाधिक प्रतिष्ठेची मानली जाते. त्यातील होनस वॅग्नर या खेळाडूचे एक कार्ड २०२२ साली ७२ लाख ५० हजार डॉलरना विकले गेले. परंतु त्या मालिकेतील शेकडो कार्डांत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नाही. कारण त्या वेळच्या प्रमुख संघांत त्यांना प्रवेशच नव्हता.

असे नेहमीच नव्हते. मोझेस फ्लीटवुड वॉकर हा ओहायोतील सुशिक्षित तरुण १८८४ साली टोलेडोच्या संघातून सर्वोच्च पातळीवर ४२ सामने खेळला. पुढे १४ जुलै १८८७ रोजी इंटरनॅशनल लीगच्या संघमालकांनी कृष्णवर्णीयांशी नवे करार न करण्याचा ठराव केला. त्याच दिवशी कॅप अ‍ॅन्सन या नामवंत कर्णधाराच्या शिकागो संघाने कृष्णवर्णीय गोलंदाज जॉर्ज स्टोव्ही याच्याविरुद्ध खेळण्यास नकार दिला. कायद्यात कोठेही न लिहिलेली ही वर्णरेषा १९४७ साली जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या मैदानात उतरेपर्यंत टिकली. १९२४ साली निधन पावलेल्या वॉकरच्या थडग्यावर तर साठाहून अधिक वर्षे नावाचा दगडही नव्हता.

जिमी क्लॅक्स्टनची कथा याहून बोलकी आहे. १९१६ साली तो मूलनिवासी अमेरिकन म्हणून ओकलंडच्या संघात दाखल झाला. आठवडाभरात त्याचा आफ्रिकी वंश उघड झाला आणि त्याला काढून टाकण्यात आले. योगायोगाने त्याच आठवड्यात मिठाईच्या कंपनीचा छायाचित्रकार आला होता, म्हणून त्याचे कार्ड निघाले. त्याच्या मोजक्याच प्रती उरल्या असून त्या आज सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर आहेत. ज्याला सात दिवसांत घालवून दिले, त्याच्या कागदाला आज श्रीमंतांच्या तिजोरीत स्थान आहे!

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, बाजारातील किमतीवरून संग्रहाचे मोल ठरवू नये. जो वगळला गेला, त्याच्या वस्तू मुळातच कमी निघाल्या. जो प्रस्थापित होता, त्याच्या वस्तू हजारोंनी छापल्या गेल्या, जपल्या गेल्या. बाजाराची यादी प्रमाण मानणारा संग्राहक नकळत जुन्या वर्णरेषेचीच नक्कल करीत असतो.

अल्प पैशांत प्रामाणिक संग्रह करता येतो. १९८२ सालचे जॅकी रॉबिन्सनचे २० सेंटांचे तिकीट आहे. २००० सालच्या मालिकेत जॉश गिब्सन व सॅचेल पेज यांची तिकिटे आहेत. सोल व्हाइट या खेळाडूने १९०७ साली कृष्णवर्णीय बेसबॉलचा इतिहास लिहिला. त्याची मूळ प्रत दुर्मीळ आहे, पण पुनर्मुद्रण सहज मिळते. एक सावधगिरी मात्र हवी. जुन्या कार्डांच्या नकला मूळ म्हणून विकल्या जातात. खऱ्या 'टी-२०६' कार्डावरील नाव आणि चौकटीची रेघ भिंगाखाली सलग शाईची दिसते. नकलेत ती ठिपक्यांची बनलेली असते. नकल ही नकल म्हणून घेण्यात काही गैर नाही, मात्र तिच्या मागे तसे लिहून ठेवावे.

काही सुहृद म्हणतील की, हे सारे रिकामपणचे उद्योग आहेत. त्यांच्यापुढे मी एकच घटना ठेवतो. फॉस्टर यांनी १९२० साली कॅन्सस सिटीत निग्रो नॅशनल लीग स्थापन केली. तिच्यातील आणि तिच्यामागून आलेल्या लीगमधील खेळाडूंची आकडेवारी २०२४ साली अधिकृत नोंदींत सामील झाली आणि जॉश गिब्सन ०.३७२ च्या सरासरीने सर्वकालीन फलंदाजांत अग्रस्थानी आला. ही आकडेवारी संशोधकांनी मुख्यतः 'शिकागो डिफेंडर', 'पिट्सबर्ग कुरिअर' अशा कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांतील सामन्यांचे तक्ते शोधून जुळविली. सुमारे एक चतुर्थांश सामन्यांचे तक्ते तेव्हाही हाती लागले नव्हते. ते कागद रद्दीत गेले, आणि त्यांबरोबर कोणा खेळाडूचे कर्तृत्वही गेले.

याच अमेरिकेत १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. त्यांच्या आधी, १९११ सालच्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणारे पाळवणकर बाळू हे पुण्याच्या मैदानावर सवर्णांसाठी गोलंदाजी करीत. मात्र त्यांना चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. वॉकर आणि बाळू यांना एकमेकांचे नावही ठाऊक नसावे. आपल्या मुलांना मात्र दोघांचीही नावे ठाऊक असावीत, असे मला वाटते.

म्हणून परदेशी स्थायिक झालेल्या माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. शाळेसाठी महागडी भेट आणू नका. एखादे वापरलेले तिकीट, सोल व्हाइटच्या पुस्तकाचे पुनर्मुद्रण, जुन्या सामन्याची कार्यक्रमपत्रिका आणा. मागे पेन्सिलीने तारीख, ठिकाण आणि कोठून मिळाले ते लिहा. आठवीतील त्या मुलीला मी सांगितले आहे की, फॉस्टरच्या काळात कार्डे काढणाऱ्यांनी त्याला वगळले होते. आता चौकटीत आणखी सहा तिकिटांची जागा रिकामी आहे.