नवलाची नांदी

एका शोकसभेत आम्ही बसलो होतो. नातू बोलावयास उभा राहिला. ‘फनिली इनफ, आजोबांनी जन्मभर मनगटाला घड्याळ बांधले नाही, पण त्यांना कुठेही उशीर झाला नाही,’ असे त्याने मोठ्या मायेने सांगितले. पुढे बसलेल्या आत्याबाई मात्र दुखावल्या. ‘गेलेल्या माणसात याला फनी काय दिसले?’ असे त्या घरी परतताना म्हणाल्या.

वास्तविक मुलाचे इंग्रजी चुकले नव्हते. ‘फनी’ म्हणजे हसू आणणारे, तसेच विचित्र वाटणारेही. ‘फनिली इनफ’मध्ये हा दुसरा अर्थ असतो आणि ‘इनफ’चा ‘पुरेसे’ हा अर्थ तेथे शोधावयाचा नसतो. आपणही ‘गंमत म्हणजे’ म्हणतो, तेव्हा दर वेळी हसत थोडेच असतो?

नवलाची नांदी करणारे असे शब्दप्रयोग इंग्रजीत पुष्कळ. परंतु प्रत्येकाची जागा निराळी. ‘बिलीव्ह इट ऑर नॉट’ गप्पांत शोभते, अर्जात नव्हे. रॉबर्ट रिप्ले या अमेरिकन चित्रकाराने याच नावाखाली जगातील अजब गोष्टी वृत्तपत्रांतून चितारल्या. तेव्हापासून त्याला जत्रेतल्या तंबूची थोडी कळा आली आहे. ‘ऑडली इनफ’ त्याहून सौम्य. ‘स्ट्रेंज ॲज इट मे सीम’ गंभीर लेखनातही चालते. मात्र पुढची गोष्ट तेवढ्या तोलाची हवी. उदाहरणार्थ, कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक आलेल्या सयाजीरावांनी १९०६ साली बडोदे संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले; आणि त्याच हेतूने गोखल्यांनी १९११ साली मांडलेले विधेयक ब्रिटिश हिंदुस्थानच्या कायदेमंडळात नामंजूर झाले! येथे हा प्रयोग शोभतो. दूधवाला उशिरा आला, हे सांगण्यास नव्हे.

नवलाची दवंडी रोज पिटली, तर खऱ्या नवलाच्या दिवशी कोणी दाराशी येत नाही. शिवाय दवंडी ऐकणाऱ्याच्या भाषेत हवी. त्या नातवाने ‘नवल असे की’ एवढेच म्हटले असते, तर आत्याबाईंना भावाची वेळेची शिस्त आठवली असती, आणि डोळ्यांना पदर लागला असता. मुलांना इंग्रजी अवश्य येऊ द्यावे. परंतु समोर कोण बसले आहे, हे पाहण्याचे वळणही त्यांना घरातूनच लागावे.