तानसा भरला, मुंबई खूश. वसईने कोणता आकडा पाहायचा?

‘तानसा ओसंडला’ ही बातमी मुंबईकर पाणीकपातीची चिंता मिटली म्हणून वाचतात. वसई तालुक्यातल्या भाताणे परिसरात तीच बातमी धास्ती वाढवते. धरणातून सुटलेलं पाणी तानसा नदीने खाली येतं आणि पांढरतारा पूल बुडतो.

तानसाची ओसंडण्याची पातळी १२८.६३ मीटर. रोज छापून येणारा हा आकडा तलाव किती भरला ते सांगतो. नदीकाठच्यांना हवा असतो विसर्ग, म्हणजे किती क्युसेक पाणी सोडलं ते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. त्यात समुद्राला मोठी भरती असेल तर पाणी खाडीत लवकर उतरत नाही. विसर्ग, पाणी पुलापाशी पोहोचण्याची अंदाजे वेळ आणि भरतीची वेळ प्रशासनाने एकाच मेसेजमध्ये, साध्या मराठीत द्यायला हवी. नुसतं ‘सतर्क राहा’ वाचून कोणी गुरं हलवत नाही.

विरार पूर्वेच्या मनवेलपाड्याचं गणित वेगळं. शहरात साचतं ते मुख्यतः पावसाचं, नाल्यांतून न निघालेलं पाणी. जुलै २०१८ मध्ये वसई-विरारची लोकल त्यानेच थांबवली. तिथे धरणाच्या इशाऱ्याची वाट पाहू नका. जोरदार पाऊस आणि भरती एकाच वेळी असेल तर गाडी आधीच उंचावर लावा.