काटकसर कोणाच्या ताटातून?



चिखली-मेहकरकडील तिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप बुलढाण्याच्या कॉलेजात पुन्हा नाव घालतो, तेव्हा शेजारीपाजारी हसतात. त्या हसण्याची आपण फिकीर करू नये. बाबासाहेब १९२० च्या जुलैत अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा तेही एकोणतीस वर्षांचे संसारी गृहस्थ होते. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत सरल्याने १९१७ साली त्यांना अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले होते. पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा राखला, स्नेही नवल भथेना यांजकडून पाच हजार रुपये कर्जाऊ घेतले व कोल्हापूरच्या शाहू महाराजांचेही साह्य मिळविले. लंडनमध्ये सकाळी पावाचा तुकडा, दिवसभर ग्रंथालय आणि रात्री भाजलेले पापड, असा त्यांचा क्रम होता. १९२३ साली ते डी.एस्सी. झाले.

ही हकीकत आपण दर जयंतीला ऐकतो. परंतु लंडनच्या पापडांचे कौतुक करणारे आपण, त्याच वर्षांत परळच्या चाळीत रमाबाईंची चूल कशी पेटत होती, हे किती जण विचारतो?

हा प्रश्न मुद्दाम विचारतो, कारण आपल्या घरांतही तेच घडत आहे. घरचा कर्ता शिकावयास निघाला की काटकसर सुरू होते, आणि पहिले बंद होते ते मुलीचे दूध. अगोदरच सर्वांच्या मागून जेवणाऱ्या बाईची भाकर अर्धी होते. तिच्या नावावर बचत गटाचे कर्ज उचलून याची फी भरली जाते. हप्ता ती सोयाबीन सोंगून फेडते. आणि हा मात्र मित्रांना हॉटेलात चहा पाजतो! याला काटकसर म्हणावयास माझी जीभ वळत नाही.

शिकणाऱ्याने प्रथम स्वतःचा खर्च आवरावा. दोघांतिघांत एक खोली घ्यावी, घरची ज्वारी न्यावी, पिठले-भाकर हाताने करावी, पुस्तके वाचनालयातून आणावीत आणि हप्त्यावरची मोटारसायकल पदवीपर्यंत लांबणीवर टाकावी. रोजगार एकदम सोडण्याची घाईही करू नये. १९४६ साली मुंबईत निघालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाने सकाळचे वर्ग ठेवले, ते नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणूनच. नाशिकचे मुक्त विद्यापीठ तर १९८९ पासून घरी राहून शिकण्याची सोय देत आहे.

शिष्यवृत्तीची चौकशी प्रवेशापूर्वीच करावी. वयाची व उत्पन्नाची अट कोणती, हे कार्यालयात समक्ष विचारावे. नवदीक्षितांनी दाखल्यांची कागदपत्रे आधीच नीट करून ठेवावीत. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती केंद्रातही लागू झाल्या आहेत.

आणि अर्ज भरावयास जाल, त्या दिवशी पत्नीसही सोबत न्यावे. तिची शाळा कोणत्या इयत्तेत सुटली, हे वाटेत तिला विचारावे, आणि तिची इच्छा असेल तर तिच्यासाठीही एक अर्ज मागून घ्यावा.