ट्रकला हवा कमी पडत नाही, धूळ जास्त होते

तळवड्याला माझं डिझेल गाड्यांचं गॅरेज आहे. चाकणच्या कारखान्यांचा माल वाहणाऱ्या गाड्या आमच्याकडे येतात. हल्ली ट्रकमालक मोबाइलवर व्हिडिओ दाखवतात आणि म्हणतात, "मिस्त्री, कंपनीचा एअर क्लीनर काढा, हा कोन फिल्टर टाका. पिकअप वाढतो, अॅव्हरेजही सुधारतं." मी ते काम घेत नाही, आणि दुसरीकडेही करून घेऊ नका, असं स्पष्ट सांगतो.

डिझेल इंजिनाचा जोर ठरतो तो डिझेल किती सुटतं त्यावर. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत तो हिशेब ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठेवतो. फिल्टर कितीही मोकळा बसवा, ठरल्यापेक्षा थेंबभर जास्त डिझेल तो सोडत नाही. हवा दाबून आत घालायला टर्बो आहेच. कोन फिल्टरने थंड हवा मिळते म्हणतात, त्याचंही तेच. टर्बोत दाबली की हवा शंभर अंशांच्या वर तापते आणि इंटरकूलर तिला पुन्हा गार करतो. उलट केबिनमागे उंचावर असलेलं हवेचं तोंड काढून फिल्टर इंजिनाशेजारी आणला, तर गाडी इंजिनाचीच गरम हवा ओढायला लागते.

मग चालकांना फरक का जाणवतो? एक तर आवाज बदलतो. टर्बोची शिट्टी केबिनमध्ये ऐकू आली की गाडी हलकी झाल्यासारखी वाटते, पण भरल्या गाडीने खंबाटकी चढताना गिअर तोच टाकावा लागतो. दुसरं म्हणजे, जुना फिल्टर खरोखर चोंदलेला असतो. चोंदलेल्या फिल्टरने गाडी ओढत नाही, काळा धूर टाकते. तो काढल्यावर ती मोकळी होणारच. तिथे कंपनीचा साधा कागदी फिल्टर नवा टाकला असता तरी तेवढीच मोकळी झाली असती.

आमच्या भागात खरी काळजी आहे ती धुळीची. तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्त्यावर पुढच्या कंटेनरमागे चालवून बघा, काच पुसत बसावं लागतं. ही धूळ म्हणजे बारीक वाळूच. ती लायनर आणि रिंगा घासते, मग गाडी ऑइल प्यायला लागते. बाहेरून कोन फिल्टरचं किट बसवलेली एक गाडी माझ्याकडे आली, तक्रार हीच. फिल्टरपासून टर्बोकडे जाणारा पाइप सोडवला आणि आतून पांढरं फडकं फिरवलं, तर फडकं मातकट झालं. टर्बोच्या पंख्याच्या पात्यांची टोकं बोथट झाली होती. पाइपची क्लिप सैल, फिल्टरची जाळी विरळ. मालकाला इंजिन बांधावं लागलं आणि गाडी उभी असतानाही हप्ता चालूच राहिला. हे बघून जीव तुटतो, कारण असे मालक एका-दोन गाड्यांवर घर चालवतात. काही किटमधल्या फिल्टरला तेल लावायचं असतं. ते जास्त झालं तर हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसतं, सेन्सर चुकीचं सांगतो आणि चेक लाइट लागतो.

कंपनीचा फिल्टरही नीट सांभाळायला हवा. तो टायरवर आपटणं, कॉम्प्रेसरची हवा मारणं थांबवा, कागद फाटतो. अंधारात फिल्टरच्या आत बल्ब धरा. टाचणीएवढा जरी उजेड आरपार दिसला तरी तो फिल्टर बाद. डब्यावरचा इंडिकेटर लाल झाला की बदला, आणि घेताना बिलासह घ्या, डुप्लिकेट माल बाजारात भरपूर आहे.

वाहनांची चाचणी घेणारी एआरएआय पुण्यातच आहे, चाकणलाही तिचं केंद्र आहे. भोसरीला रस्ते वाहतुकीची केंद्रीय संस्था सीआयआरटी आहे. बाजारातली ही किट या संस्थांनी भरल्या ट्रकवर तपासावीत, जोर किती वाढला, डिझेल किती लागलं आणि धूळ किती आत गेली याचे आकडे मराठीत जाहीर करावेत. विकणाऱ्यानेही असा चाचणी अहवाल दाखवल्याशिवाय पिकअप आणि अॅव्हरेजचा दावा करू नये. तोवर माझ्या गॅरेजमध्ये कंपनीचा डबा निघणार नाही.