वृत्तीचा दोष आणि थकलेला पगार

हरणाऱ्या संघाविषयी बोलताना ‘वृत्ती’ हा शब्द फार सहजपणे वापरला जातो. खेळाडूंचे मन खेळात नाही, सरावात ते अंग चोरतात, क्लबविषयी त्यांना आस्था उरलेली नाही, असे सांगितले जाते. कारखाना तोट्यात गेला की कामगार आळशी झाला असे जे म्हटले जाते, त्याच कुळातला हा युक्तिवाद आहे. इंग्लंडमधील सॅलफर्ड या रग्बी लीग क्लबची २०२५ सालची वाताहत या दृष्टीने तपासून पाहण्याजोगी आहे.

सॅलफर्ड हे मँचेस्टरला लागून असलेले कष्टकऱ्यांचे शहर. एंगल्सच्या वडिलांची भागीदारी असलेली सूतगिरणी या शहराच्या वीस्ट भागात होती, आणि १९०१ पासून २०११ पर्यंत या क्लबचे मैदानही वीस्टमध्येच होते. हा योगायोग म्हणून सोडून देता येईल. परंतु रग्बी लीग हा खेळच मुळी मजुरीच्या प्रश्नातून जन्मला, हा योगायोग नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यॉर्कशायर आणि लँकेशायरमधील खाणकामगार व गिरणीकामगार रग्बी खेळू लागले, तेव्हा शनिवारच्या सामन्यासाठी त्यांची मजुरी बुडत असे. ती भरून द्यावी, एवढीच उत्तरेकडील क्लबांची मागणी होती. खेळाची सूत्रे हाती असलेल्या सुखवस्तू वर्गाला मात्र त्यात खेळाचे पावित्र्य भंगल्याचा साक्षात्कार झाला! अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलमध्ये या क्लबांनी वेगळी चूल मांडली आणि बुडालेल्या दिवसाबद्दल खेळाडूस सहा शिलिंगांपर्यंत भरपाई देण्याचे ठरविले. १८७३ साली स्थापन झालेला सॅलफर्ड क्लब पुढच्याच वर्षी त्यांना येऊन मिळाला.

तथापि या नव्या संघटनेनेही कामगारावर पूर्ण विश्वास टाकला असे नाही. १८९८ मध्ये खेळाबद्दल पैसे घेण्यास परवानगी मिळाली, पण प्रत्येक खेळाडूस दुसरा नियमित रोजगार असलाच पाहिजे, अशी अट घालण्यात आली. गिरणीतून काढून टाकलेला मनुष्य त्यामुळे मैदानावरूनही बेकार होत असे. ही अट १९०५ पर्यंत टिकली. खेळाडूला पैसे मिळाले तर तो बिघडेल, ही भीती मालकवर्गात किती जुनी आहे हे यावरून दिसते.

आता सरावाविषयी. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांनी आपली कबड्डी आठवावी, आणि मग तीत धावत येणारे शंभर किलोंचे शरीर कल्पावे. ऐंशी मिनिटांच्या सामन्यात आघाडीच्या खेळाडूला तीस-चाळीस वेळा अशा शरीराला अडवून जमिनीवर आणावे लागते. प्रत्येक वेळी उठून, दहा मीटर मागे जाऊन, पुन्हा रांगेत उभे राहावे लागते. तेरा जणांच्या त्या रांगेत एक जण दमून मागे राहिला तर फट पडते, आणि तिची किंमत शेजारचा खेळाडू आपल्या खांद्याने किंवा गुडघ्याने चुकवितो. म्हणून सराव चुकविणाऱ्या खेळाडूची कड घेण्याचे कारण नाही. तो मालकाशी नव्हे, सोबत्यांशी बेइमानी करतो. ज्यांनी कधी संप चालविला आहे त्यांना ही शिस्त वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

परंतु ही शिस्त कशाच्या बळावर उभी राहते? १९९६ मध्ये दूरचित्रवाणीच्या ८ कोटी ७० लाख पौंडांच्या कराराच्या जोरावर ‘सुपर लीग’ सुरू झाली आणि वरच्या श्रेणीतील खेळ पूर्णवेळ धंदा बनला. खालच्या श्रेणीतील पुष्कळसे खेळाडू मात्र आजही दिवसा नोकरी करून संध्याकाळी सरावाला येतात. पूर्णवेळ खेळाडूने दुसरा रोजगार सोडलेला असतो. त्याचे घरभाडे, मुलांचे शिक्षण, सारे एका पगारावर अवलंबून असते. तो पगारच बेभरवशाचा झाला तर सरावाची मागणी कोणत्या तोंडाने करावयाची?

सॅलफर्डमध्ये नेमके हेच घडले. फेब्रुवारी २०२५ मध्ये क्लब नव्या मालकांच्या हाती गेला. मोठी आश्वासने देण्यात आली. पैसा मात्र वेळेवर आला नाही, आणि नियामक मंडळाने घातलेली १२ लाख पौंडांची खर्चमर्यादा कायम राहिली. परिणामी १५ फेब्रुवारीस सेंट हेलेन्सविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात नेहमीचे बहुतेक खेळाडू बाजूला ठेवून राखीव व नवखी मुले मैदानात उतरविण्यात आली. निकाल लागला ८२–०. पूर्णवेळ कमावलेल्या शरीरांपुढे कोवळी पोरे उभी करणे याला खेळ म्हणावे काय, हा प्रश्न त्या दिवशी फार थोड्यांनी विचारला. त्यानंतर वर्षभर पगार पुन्हा पुन्हा लांबले, अनुभवी खेळाडू एकामागून एक अन्य क्लबांत गेले, आणि ऑगस्टमध्ये वेकफील्डविरुद्धचा सामना खेळाडूंच्या सुरक्षिततेच्या कारणास्तव सॅलफर्डला सोडून द्यावा लागला.

जे गेले त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेणे सोपे आहे. पण निष्ठा ही एकाच बाजूने पाळावयाची वस्तू आहे काय? शिवाय याच क्लबने अवघ्या सहा वर्षांपूर्वी, २०१९ मध्ये, तुटपुंज्या पैशावर आणि इतरांनी नाकारलेल्या अनेक खेळाडूंच्या बळावर अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली होती. तेथे तो सेंट हेलेन्सकडूनच हरला, पण २३–६ असा, ताठ मानेने. वर्षातील सर्वोत्तम खेळाडूचा ‘मॅन ऑफ स्टील’ हा सन्मानही त्याच्याच खेळाडूस मिळाला. तेव्हाही पैशाची चणचण होतीच. ‘वृत्ती’ कोठून आली? पैसा थोडा असणे आणि कबूल केलेला पैसा न मिळणे यांत फरक आहे. पहिल्यात माणसे एकत्र येतात. दुसऱ्यात प्रत्येक जण महिनाअखेर आपापला मार्ग शोधू लागतो.

३ डिसेंबर २०२५ रोजी न्यायालयाने थकीत करांपायी ही कंपनी गुंडाळण्याचा आदेश दिला. नव्या मंडळाने उभारलेल्या क्लबला २०२६ साठी दुसऱ्या श्रेणीत जागा देण्यात आली. इंग्लंडच्या कायद्यानुसार बुडालेल्या कंपनीतील कामगाराच्या थकलेल्या मजुरीला देणेकऱ्यांच्या रांगेत अग्रक्रम मिळतो, परंतु तो ८०० पौंडांपर्यंतच. ही मर्यादा १९८६ पासून एका पौंडानेही वाढलेली नाही.