आधी लगीन व्हिसाचं

तानाजी मालुसऱ्यांनी पोराचं लग्न बाजूला ठेवून आधी कोंढाणा घेतला, ही गोष्ट लहानपणी मी छाती फुगवून ऐकलेली आहे. पण त्या गोष्टीचा इतका भलता अर्थ माझ्याच थोरल्या भावाच्या दिवाणखान्यात, पोह्यांच्या बशीला साक्षी ठेवून लावला जाईल, असं मात्र कधी वाटलं नव्हतं. गेल्या रविवारी तिथं सर्वानुमते ठरलं, की आधी लगीन व्हिसाचं. मग पोरांचं काय ते बघू!

पोरं म्हणजे दोन. एक माझी पुतणी. ती फिजिओथेरपिस्ट आहे आणि कोथरुडात तिचं स्वतःचं छोटंसं क्लिनिक आहे. माझा डावा गुडघा आज जिना चढतो तो तिच्या कृपेने. तेव्हा पुढे मी जे काही तावातावाने म्हणणार आहे, त्यात माझ्या गुडघ्याचाही हितसंबंध गुंतलेला आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. दुसरा तो न्यू जर्सीकर. आईवडील पुण्याचेच, हा जन्मला तिकडे, म्हणून अमेरिकेचा नागरिक. मराठी छान बोलतो. फक्त 'ळ' उच्चारताना त्याची जीभ चावली जाईल की काय, अशी ऐकणाऱ्याला धास्ती वाटते. दीड वर्षापूर्वी चुलतभावाच्या लग्नाला तो पुण्यात आला, पंगतीत हिच्या शेजारी बसला, हिच्या साडीवर मठ्ठा सांडला आणि पुढचे अकरा दिवस रोज माफी मागायला येत राहिला. अकराव्या दिवशी विमानात बसला. तेव्हापासून सगळं फोनवर. पुणे आणि न्यू जर्सी यांच्या घड्याळांत उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक असतो. ही सकाळचा चहा घेते तेव्हा तो झोपायला निघालेला असतो. आमच्या वहिनींच्या मते संसाराची इतकी चांगली सवय दुसऱ्या कशाने होणार नाही.

तर रविवारची सभा. सभेला दादा, वहिनी, मुलीची मावशी, आमची ही, मी आणि तळमजल्यावरचे काका. या काकांचा मुलगा कॅनडात असल्यामुळे ते स्वतःला समग्र उत्तर अमेरिका खंडाचे जाणकार समजतात. विषय एकच : मुलीला तिकडे पोचवायचं कसं?

मावशीने वही उघडली. "हे बघा, के-वन म्हणून एक व्हिसा आहे. वाग्दत्त वधूचा. साखरपुडा करायचा, मुलाने तिकडे अर्ज करायचा, मंजूर झाला की हिने जायचं आणि नव्वद दिवसांच्या आत तिथं लग्न करायचं."

"आणि नाही केलं तर?" मी विचारलं.

"तर परत यायचं. दुसऱ्या कुणाशी लग्न करून राहीन म्हटलं तरी तिथं राहता येत नाही."

थोडक्यात, नव्वद दिवसांची हमी असलेलं हे स्थळ. आमचं मिक्सरचं भांडंसुद्धा वर्षभराच्या गॅरंटीवर आलं होतं!

"पण घाई केली पाहिजे," मावशी पुढं म्हणाली, "अर्ज करण्याआधीच्या दोन वर्षांत दोघं प्रत्यक्ष भेटलेली असावी लागतात. दीड वर्ष तर गेलंच!"

झालं! सभेत एकदम धावपळ सुरू झाली. जणू मुलीच्या प्रेमावर दुधाच्या पिशवीसारखी तारीख छापलेली होती आणि ती आता नासायला सहाच महिने उरले होते. या नियमाला अपवाद आहे, हेही मावशीच्या वहीत होतं. लग्नाआधी वधूवरांनी भेटणंच तुमच्या रूढीविरुद्ध असेल, तर सूट मागता येते. आमच्या आईने वडिलांना पहिल्यांदा पाहिलं ते अंतरपाट दूर झाल्यावर. म्हणजे आईला ही सूट हमखास मिळाली असती. फक्त तिला अमेरिकेला जायचं नव्हतं.

"साखरपुडा मात्र बेताने करायचा," मावशीने दटावलं. "हार नकोत, भटजी नकोत, मुंडावळ्या तर मुळीच नकोत. फोटोत हार दिसला तर साहेब म्हणायचा, हे लग्नच झालेलं आहे. मग वाग्दत्त वधूचा व्हिसा कसला?"

"आणि लग्न करूनच अर्ज केला तर?" वहिनींनी विचारलं.

"तर हार पाहिजेत! जितके जास्त हार तितकं बरं. भटजी, मामा, पंगत, सगळं फोटोत पाहिजे. नाहीतर म्हणायचे, हे लग्न खोटं आहे."

वहिनी बिचाऱ्या हार कापावा की घालावा, या पेचात पडल्या.

एवढ्यात काकांनी कात्री काढली. "कशाला एवढ्या भानगडी? टुरिस्ट व्हिसावर पाठवा. नायगारा बघायला जाते म्हणावं. तिथं गेल्यावर लग्न उरकून घ्या आणि भरा फॉर्म. कोण विचारतंय?"

वाचकहो, इथं माझं डोकं फिरलं. कोण विचारतंय म्हणजे? तेच विचारतात! मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीच्या खिडकीशी त्यांचा पहिला प्रश्नच 'कशाला जाता?' हा असतो. तिथं मनात लग्न आणि तोंडात नायगारा ठेवून उत्तर दिलं आणि ते उघडकीला आलं, तर त्या देशाचं दार कायमचं बंद होऊ शकतं. नुसतं व्हिसापुरतं खोटं लग्न लावलं तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड अशी तिथल्या कायद्यात तरतूद आहे. आमच्या मुलीचं लग्न तर खरं आहे. मग खऱ्या लग्नाची सुरुवात खोट्या वाक्याने करायचा सल्ला हे काका एका बशी पोह्यांच्या मोबदल्यात देतात कसे? काकांचे पोहे तेवढ्यापुरते घशात अडकले, याचं मला आजही वाईट वाटत नाही.

पुढे पुराव्यांची यादी निघाली. दोघांचे एकत्र फोटो, विमानाची तिकिटं, निरोपांची देवाणघेवाण, दोन्हीकडच्या मंडळींबरोबरचे फोटो. साहेबाला प्रेमाची खात्री पटली पाहिजे. क्वचित शंका आली तर तिकडे नवराबायकोला वेगवेगळं बसवून घरातल्या बारीकसारीक गोष्टी विचारतात आणि उत्तरं ताडून बघतात, असं मावशीने सांगितलं. मी घरी आल्यावर हा प्रयोग स्वतःवर करून पाहिला. हीने विचारलं, "माझ्या चष्म्याची फ्रेम कुठल्या रंगाची?" मी म्हटलं, "काळी." ती म्हणाली, "मी तीन महिन्यांपूर्वी बदलली." मी विचारलं, "माझा टूथब्रश कुठल्या रंगाचा?" ती म्हणाली, "हिरवा. आणि सध्या तुम्ही वापरता तो माझा आहे." चौतीस वर्षांचा आमचा संसार वकिलातीच्या खिडकीवर दीड मिनिटात बोगस ठरला असता. एकत्र फोटो म्हणाल तर लग्नातला एक आहे. त्यात दोघंही नुकतीच पकडून आणल्यासारखी उभी आहोत.

पण मी भांडायला बसलो आहे ते अमेरिकन सरकारशी नव्हे. आपल्या घरात कुणाला घ्यायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं. तिथं खोट्या लग्नांचा बाजार भरतो अशी ओरड झाली, म्हणून १९८६ साली त्यांनी कायदा कडक केला. तेव्हापासून ताज्या लग्नाच्या जोरावर गेलेल्या माणसाला पहिलं ग्रीन कार्ड दोनच वर्षांचं आणि सशर्त मिळतं. ती दोन वर्षं संपायच्या आधीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून पुन्हा अर्ज करायचा, की आमचं लग्न अजून खरं आहे. ठीक आहे. त्यांचा तो धंदाच संशयाचा आहे.

माझं भांडण आहे ते आपल्याशी. या बैठकीत तीन तासांत आम्ही फॉर्मांचे नंबर पाठ केले, पण मुलीला एक प्रश्न कुणी विचारला नाही : तू तिथं करणार काय? वाग्दत्त वधूच्या व्हिसावर गेली तर वेगळा अर्ज करून कामाचा परवाना हातात येईपर्यंत तिला एक पैसा कमावता येणार नाही. लग्न करून मग गेली, तर उतरल्या दिवसापासून काम करता येईल, पण कुठलं? इथली फिजिओथेरपीची पदवी तिथं तशीच चालत नाही. ती तपासून घ्यायची, परीक्षा द्यायची, ज्या राज्यात राहणार तिथला परवाना काढायचा. इथं जिच्याकडे पंधरा दिवसांनी नंबर लागतो, ती तिथं कित्येक महिने नवऱ्याकडे भाजीचे पैसे मागणार. आणि त्या काळात दोघांचं बिनसलं तर? तिला हे कुणी सांगितलं आहे का, की नवऱ्याने मारहाण केली किंवा घटस्फोट झाला, तर ते सशर्त कार्ड पक्कं करायला तिला एकटीलाही अर्ज करता येतो? आणि मुलाला तरी कुणी सांगितलं आहे का, की बायकोला पोसण्याची जी लेखी हमी तो सरकारला देणार, ती घटस्फोटानेही सुटत नाही? हे अशुभ बोलणं नव्हे. गॅस सिलिंडर घेताना नळी तपासतो, तसं हे आहे.

आणि घाई कशाची, तर दोन वर्षांच्या मुदतीची! अहो, ती मुदत म्हणजे काही लग्नाची शेवटची गाडी नव्हे. पोरं पुन्हा भेटली की ती पुन्हा सुरू होते. ज्यांचा एका गावातला एकूण सहवास अकरा दिवसांचा, त्यांना पुन्हा भेटवायचं सोडून आम्ही त्या अकरा दिवसांचे पुरावे गोळा करत बसलो होतो.

मी हे सगळं बोललो, तेव्हा दादा म्हणाला, "मग तुझं म्हणणं काय? लग्नच करू नये?"

"माझं म्हणणं एवढंच, की एक प्रश्न आधी विचारावा. हा व्हिसा कधीच मिळणार नाही असं कळलं, तरी ही दोघं लग्न करतील का? 'हो' असेल तर कुठलाही फॉर्म चालेल. 'नाही' असेल तर कुठलाच चालणार नाही."

सभा गप्प झाली. मग कोपऱ्यातून, इतका वेळ चहाचे कप गोळा करत असलेली पुतणी म्हणाली, "त्याच्याकडे ओसीआय कार्ड आहे."

"म्हणजे?" काकांनी विचारलं. खंडाबाहेरचा विषय आला होता.

म्हणजे असं, की मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांसाठी २००५ साली आपल्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि २००६ पासून हे कार्ड मिळू लागलं. ते असलं की भारतात हवं तेव्हा यावं, हवं तितकं राहावं, नोकरी करावी, घर घ्यावं. मतदान नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. पण न्यू जर्सीकराला कुठे भुईमूग पेरायचा होता? तीन तास आम्ही मुलीला समुद्रापार ढकलायला दार शोधत होतो आणि मुलाला इकडे यायचं दार सताड उघडं होतं. त्याकडे कुणी ढुंकूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

"तो इकडे येऊन करणार काय?" वहिनी उद्गारल्या.

हाच तो प्रश्न! मुलाच्या बाबतीत तो अर्ध्या मिनिटात सुचला. मुलीच्या बाबतीत तीन तासांत सुचला नव्हता.

तो कायमचा पुण्यात येईल, असं मी म्हणत नाही. कदाचित हीच आनंदाने न्यू जर्सीला जाईल, परीक्षा देईल आणि तिथल्या गुडघ्यांचं कल्याण करील. तो त्या दोघांचा निर्णय. पण निर्णय घ्यायला दोन रस्ते समोर लागतात. एकच रस्ता असला तर त्याला निर्णय म्हणत नाहीत, रांग म्हणतात.

तूर्त ठरलं आहे ते असं. मुलगा पावसाळ्यात तीन महिने पुण्यात येऊन राहणार. काम लॅपटॉपवरून करणार. रात्री जागावं लागेल, पण ती सवय त्याला आहे. पावसाळ्यातलं पुणं, इथली वाहतूक आणि आमची वहिनी, या तिन्ही परीक्षांत पास झाला, तर विशेष विवाह कायद्याखाली नोटीस द्यायची. त्या नोटिशीलाही तीस दिवस थांबावं लागतंच. मग लग्न, भरपूर हार घालून. त्यानंतर कोण कुठे जायचं ते दोघं ठरवतील आणि त्याप्रमाणे जो लागेल तो फॉर्म भरतील. हिने जायचं ठरलं, तर कागद येईपर्यंत ती इथंच क्लिनिक चालवील आणि तिकडच्या परीक्षेचा अभ्यास करील. मावशीने वही मिटली. काका म्हणाले, "कॅनडाला असं नसतं," आणि खाली गेले.

राहता राहिले तानाजी मालुसरे. त्यांनी कोंढाण्यासाठी पोराचं लग्न पुढे ढकललं, हे खरं. पण कोंढाणा मिळावा म्हणून त्यांनी पोराचं लग्न लावलं नाही, एवढं आपण लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं.

माझ्या गुडघ्याबद्दल विचाराल, तर तो पावसाळ्यापर्यंत नक्की सुखरूप आहे. पुढचं जावईबापूंच्या हाती.