दगड कुणी वाहिले?

हिवाळी सुट्टीत ॲरिझोनातल्या नातेवाइकांकडे जाणार असाल, तर स्कॉट्सडेलच्या वाळवंटातलं ‘टॅलिएसिन वेस्ट’ चुकवू नका. विख्यात आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइटचं हे हिवाळ्यातलं घर. विस्कॉन्सिनची थंडी टाळण्यासाठी त्याने १९३७ मध्ये, वयाच्या सत्तरीत, ते बांधायला घेतलं. तिथलेच दगड लाकडी साच्यात रचले, वरून काँक्रीट ओतलं आणि छताला चक्क कॅनव्हास! २०१९ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

फोटो काढाच, पण भिंतीपाशी क्षणभर थांबा. हे दगड वाहिले कुणी? राइटच्या शिकाऊ विद्यार्थ्यांनी. वाळवंटात तंबूत राहून, स्वयंपाकघरातही राबून आणि वर फी भरून! हाताने इमारत उभारत शिकणं कुठल्या वर्गात मिळणार, हे खरंच. पण जगाला नाव ठाऊक आहे ते एकट्या राइटचं.

म्हणून मित्रांनो, ‘अनुभव मिळेल’ म्हणत बिनपगारी इंटर्नशिप स्वीकारताना दोन प्रश्न विचारा. मला शिकवणार कोण? आणि कामावर माझं नाव येणार का? उत्तरं पटली, तर खुशाल दगड उचला. टाळाटाळ झाली, तर समजा, तिथे विद्यार्थी नको, हमाल हवाय.